दिवसभर दुसऱ्यांच्या मागे लपून सायकल चालवली, हे चालतं का?

निवांत

मंडळी, आठ दिवसांची सायकल टूर करून परत आलोय. आधी एका दिवसात शंभर-सव्वाशे किमी केलेत, पण सामान लादून सलग आठ दिवस हे पहिल्यांदाच. सविस्तर वृत्तांत लिहीनच (माझे आधीचे दोन अर्धवट वृत्तांत ज्यांना आठवतायत त्यांनी कृपया गप्प बसावे). आज फक्त सातव्या दिवसाबद्दल विचारायचंय.

निघालो होतो एकटाच. तिसऱ्या दिवशी चौघं भेटले, रस्ता एकच होता म्हणून सोबत झाली. एक साठीचं जोडपं टँडमवर (दोघांनी मिळून चालवायची एकच सायकल), काका पुढे आणि काकू मागे. एक उंच माणूस, त्याच्या मागच्या बॅगेवर रोज धुतलेले मोजे वाळत घातलेले असायचे. आणि एक शाळेत शिकवणाऱ्या बाई, त्या फारशा बोलायच्या नाहीत पण दर थांब्याला छोट्या वहीत काहीतरी लिहायच्या. एकदम गोड माणसं, चार दिवसात असं वाटायला लागलं की ह्यांना दहा वर्षं ओळखतो.

तर सातवा दिवस. ११८ किमी, रस्ता सपाट, आणि वारा सकाळपासून तोंडावर. सुरुवातीलाच एका खड्ड्यात मागचं चाक आपटलं, टुंग असा आवाज आला, थांबून टायर दाबून बघितला, हवा होती, म्हटलं चला. तिसाव्या किमीच्या आसपास माझे पाय गळाले. म्हणजे दमणं वेगळं आणि हे वेगळं. पायडल मारतोय आणि सायकल पुढेच जात नाहीये. बाकीचे गप्पा मारत चाललेत आणि मी मान खाली घालून फक्त श्वास मोजतोय. पन्नासला तर मला विनाकारण राग यायला लागला, कॅरिअरवर कुलपाची किल्ली किणकिण करत होती तिचा सुद्धा राग.

उंच माणूस मागे आला, काही विचारलं नाही, फक्त म्हणाला "माझ्या मागे ये, आणि चाकाकडे बघू नकोस, खांद्याकडे बघ." तिथून पुढे ६५ एक किमी मी सगळ्यात शेवटी. पुढे ते तिघं (टँडम एक धरून) आलटून पालटून वारा खात होते. टँडम पुढे असली की काका-काकूंचं भांडण ऐकू यायचं, गियर कोणता टाकायचा ह्यावरून. उंच माणूस पुढे असला की मोजे. मी त्या दिवशी त्या मोज्यांचा प्रत्येक धागा बघितलाय, डाव्याला टाचेपाशी भोक आहे.

मी एकदाही पुढे गेलो नाही. दोनदा प्रयत्न केला, काकूंनी हातानेच मागे जा म्हणून सांगितलं. नऊ तासांनी पोचलो. त्यांनी विषय सुद्धा काढला नाही. आठव्या दिवशी चाळीसच किमी, उतार आणि पाठीवर वारा, मजेत संपलं. पण सातवा दिवस डोक्यातून जात नाहीये. आपण ११८ किमी केले असं म्हणायचं का? आणि दिवसभर फुकट बसणाऱ्याला अनुभवी लोक मनात काय म्हणतात? खरं सांगा.

झोपाळू

वाचतोय. मोज्याचं पुढे काय झालं ते पण लिहा.

पायडल_पांडुरंग

पहिल्याच टूरला सलग आठ दिवस, आधी त्याबद्दल अभिनंदन. आता प्रश्नाचं उत्तर: काहीही म्हणत नाहीत. टूर ही शर्यत नाही. शर्यतीत जो दिवसभर चाकाला चिकटून शेवटच्या शंभर मीटरला पुढे निघतो त्याला शिव्या बसतात. तू शेवटी पुढे निघालास का? नाही ना. मग विषय संपला.

गणितात_कच्चा

थोडं गणित (नावावर जाऊ नका). सपाटीवर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि हा वेग रस्त्यावरचा धरायचा नाही, अंगावर येणाऱ्या हवेचा धरायचा. समजा तू ताशी १५ ने चाललायस आणि समोरून ताशी २० चा वारा आहे, तर अंगाला हवा ३५ ने लागते. वारा नसताना १५ ला जेवढा हवेचा रेटा असतो त्याच्या साधारण साडेपाच पट. त्यामुळे "एवढ्या हळू वेगात मागे लपून काय फरक पडतो" असं जे लोक म्हणतात ते चूक आहे, समोरचा वारा असेल तर हळू वेगातही भरपूर फरक पडतो. नीट जवळ राहिलं तर हवेचा विरोध पाव ते एक तृतीयांश तरी कमी होतो, आणि पुढे टँडम असेल तर आडोसा अजून चांगला.

आणि गंमत म्हणजे मागे कोणी चिकटलेलं असेल तर पुढच्यालाही किंचित फायदा होतो, दोन-तीन टक्के, कारण त्याच्या पाठीमागे हवेची जी पोकळी होते ती थोडी भरून निघते. म्हणजे तू दिवसभर त्यांना ढकलतच होतास :)

खोडसाळ

>> तू दिवसभर त्यांना ढकलतच होतास

हे वाक्य मी फ्रेम करून लावणार आहे. पुढच्या रविवारपासून मी ग्रुपला ढकलणार.

एकटाच_बरा

मला मुळात हा "सगळे एकत्र" प्रकारच पटत नाही. एकाला फोटो काढायचाय, एकाला भूक लागलीय, एकाचं दुखतंय, आणि दिवस जातो एकमेकांची वाट बघण्यात. सकाळी ठरवायचं की चाळीसला भेटू, ऐंशीला भेटू, मधे ज्याने त्याने आपल्या गतीने यावं. धागाकर्त्याला वाईट वाटतंय ते ह्याचसाठी, की दिवसभर तो दुसऱ्याच्या गतीने चालला. एकटा असता तर ताशी तेराच्या जागी आठ ने गेला असता, रात्री पोचला असता, पण आज हा धागा काढावा लागला नसता.

पायडल_पांडुरंग

@एकटाच_बरा, किंवा साठाव्या किमीला रस्त्याच्या कडेला बसून राहिला असता आणि वेगळा धागा काढला असता. मोबाईलवरून.

केतकी_आर

मी जरा वेगळं लिहिते. मदत चांगलीच, पण न विचारता केलेली मदत हा एक मोठा ताप आहे, आणि बायकांना तो जास्त होतो. मागच्या वर्षी एका टूरला चढावर मी माझ्या लयीत, खालच्या गियरवर, शांतपणे चालले होते. मागून एक गृहस्थ आले आणि पाठीवर हात ठेवून ढकलायला लागले. अहो मी पडता पडता वाचले! माझी लय गेली, हँडल हललं, वर "घाबरू नका, मी आहे ना" हे ऐकावं लागलं. मी घाबरले तुमच्यामुळेच ना. त्या चढावर मी दमलेले नव्हते, फक्त हळू होते. दमणं आणि हळू असणं ह्यातला फरक लोकांना कळत नाही.

निवांत, तुझ्या उंच माणसाने काय केलं बघ. हात लावला नाही, सल्ला दिला नाही, जागा करून दिली. तुला नको असतं तर तू मागे न जाता आपला आपण राहू शकला असतास. ही मदत मला मान्य आहे.

निवांत

केतकी, अगदी हेच. त्याने नंतर वळून पण बघितलं नाही, फक्त माझा श्वास जोरात यायला लागला की वेग कमी करायचा. मागे न बघता.

डावा_घोटा

सगळे मागे चिकटण्याचे फायदे सांगतायत म्हणून माझी दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मित्राच्या मागे होतो, चाकात जेमतेम एक वीत अंतर, आणि बोलता बोलता माझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आलं. म्हणजे थोडं पुढे सरकून ओव्हरलॅप. तो खड्डा चुकवायला माझ्या बाजूला आला. चाकाला चाक लागलं. अशा वेळी पुढचा पडत नाही, मागचा पडतो, कारण मागच्याचं पुढचं चाक, म्हणजे ज्याने तोल सांभाळायचा तेच अडकतं. गळपट्टीचं हाड मोडलं, सहा आठवडे सायकल बंद. (घोटा आधीचा आहे, ती वेगळी गोष्ट.)

म्हणून नवख्या माणसांनो, चिकटा पण नाकासमोर किंवा किंचित बाजूला आणि चाकभर अंतर ठेवून. आणि पुढच्याने खड्डा, गाडी, ब्रेक, सगळं ओरडून सांगायचं. हाताने खूण केली तर अजून चांगलं. "खांद्याकडे बघ" हा सल्ला लाखातला आहे, चाकाकडे टक लावून बसलं की पुढे काय येतंय ते दिसतच नाही.

खोडसाळ

आणि पुढच्याला मडगार्ड असेल तर देव पावला. मी एकदा पावसात तीन तास एकाच्या मागे होतो, त्या रस्त्याची चव मला अजून आठवते.

तीन_बाय_नऊ

निवांत, खाल्लं काय होतंस ते सांग. विनाकारण राग येणं हे बाँकचं (अंगातली साठवलेली साखर संपण्याचं) हमखास लक्षण आहे. शरीरात ग्लायकोजनच्या रूपाने साठा असतो साधारण दोन हजार कॅलरीजचा, सामान लादून वाऱ्याच्या तोंडावर चाललास तर चार-पाच तासात खलास. मग मेंदूलाच साखर कमी पडायला लागते आणि माणूस चिडचिडतो, रडतो, किल्लीवर डाफरतो. उपाय एकच, भूक लागायच्या आधी खायचं, दर तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे, सवय असेल तर जास्त. आणि नुसतं पाणी ढोसू नका, मीठ पण जाऊद्या, रक्तातलं सोडियम खाली गेलं की ते जास्त धोक्याचं.

निवांत

नाश्ता भरपूर झाला होता, वाटेतही दर अर्ध्या-पाऊण तासाला काहीतरी तोंडात होतंच, बाईंनी तर आपल्या बॅगेतलं काढून काढून दिलं. आणि मुळात तिसाव्या किमीला कसं संपेल? सुरुवात करून दोन तास पण झाले नव्हते. आदल्या दिवशी ९५ करून मस्त झोपलो होतो. तोच तर प्रश्न आहे, काही कारण नसताना.

जुनाट_सायकल

साठी ओलांडलेला माणूस आहे, मलाही टँडमवाल्या काकांच्या पार्टीत धरा. एकत्र सायकल चालवताना कोणी कोणासाठी काय केलं ह्याचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो १९३४ च्या टूर द फ्रान्समधला आहे. रने व्हिएतो नावाचा वीस वर्षांचा पोरगा, घाट चढण्यात उस्ताद. त्याच्या टीमचा म्होरक्या अंतोनँ मान्य, त्याचं चाक पिरेनीजमध्ये निकामी झालं. व्हिएतोने आपलं पुढचं चाक काढून दिलं आणि दगडी कठड्यावर बसला गाडीची वाट बघत, शेजारी बिनचाकाची सायकल, डोळ्यात पाणी. मान्यने ती टूर जिंकली. व्हिएतो पाचवा आला, पण लोकांच्या लक्षात तो राहिला.

सांगायचं कारण, धागाकर्ता विचारतोय मी फुकट बसलो का. सायकलिंगमध्ये दुसऱ्यासाठी वारा खाणं हे कामच आहे, जगभर लोक त्याचा पगार घेतात. तुमच्या लोकांनी ते हौसेने केलं.

एकटाच_बरा

काका, पण व्हिएतो रडत होता हे विसरू नका. त्याला हौस नव्हती, टीमचा नियम होता.

जुनाट_सायकल

मान्य. (शब्दशः.)

खोडसाळ

काका _/\_

पायडल_पांडुरंग

त्याच टूरमध्ये एकेकाळी मदत घेणं हा गुन्हा होता. १९१३ ला युजीन क्रिस्तोफचा पुढचा फोर्क टूर्माले घाटात तुटला. पठ्ठ्या सायकल खांद्यावर टाकून खाली गावात चालत गेला, लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हाताने फोर्क जोडला, कारण दुसऱ्याने हात लावला तर नियमभंग. अधिकारी शेजारी उभे राहून बघतायत. आणि एवढं करूनही दंड झाला, का तर लोहाराकडच्या पोराने भाता हलवला होता.

केतकी_आर

भात्यासाठी दंड. मग आमच्या त्या पाठ ढकलणाऱ्या गृहस्थांना काय दिलं असतं त्या लोकांनी!

तीन_बाय_नऊ

ब्रेव्हेमध्ये (ठरलेल्या वेळात लांब अंतर पार करायच्या राईड) आजही थोडं तसंच आहे. बाहेरच्या गाडीची मदत फक्त कंट्रोल पॉइंटला चालते, मधे रस्त्यात नाही. पण बरोबरच्या सायकलस्वाराने मदत केली, मागे बसू दिलं, ट्यूब दिली, तर पूर्ण चालतं. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस, ह्या वेळात पोचलात की झालं, पहिला कोण हे कोणी विचारत नाही. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस १८९१ ला शर्यत म्हणून सुरू झाली, आता १२०० किमीला ९० तास आणि सगळे पोचणारे सारखे. त्यात दोन हजार लोकांच्या मागे लपून गेलात तरी पदक तेच. तेव्हा निवांत, तुझे ११८ किमी हे ११८ च.

झोपाळू

अवांतर: पॅड असलेल्या शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचं की नाही?

पायडल_पांडुरंग

नाही.

डावा_घोटा

नाही!!

केतकी_आर

नाही. शिवण घासते, घाम साठतो, तिसऱ्या दिवशी बसवत नाही. आणि रोज धुतलेली शॉर्ट घालायची, त्या उंच माणसाच्या मोज्यासारखी.

झोपाळू

मी चार वर्षं घालतोय.

खोडसाळ

म्हणून झोप येते का तुला, रात्री पालथं झोपावं लागत असेल. (दिवे घे.)

हवेतला_पंप

धाग्याची काशी व्हायच्या आत मूळ पोस्टबद्दल विचारतो. त्या "टुंग" बद्दल कोणीच का बोलत नाहीये?

निवांत, नीट सांग. सायकल कोणती, ब्रेक रिमवरचे की डिस्क, सामान किती किलो आणि कुठे? आणि ती किल्ली किणकिणत होती म्हणतोस, ती सहाव्या दिवशी पण किणकिणत होती का?

निवांत

स्टील फ्रेमची साधी टूरिंग सायकल, व्ही ब्रेक म्हणजे रिमवरचे, मागे दोन पॅनियर (कॅरिअरला लटकवायच्या बॅगा) मिळून अठरा किलो, पुढे काही नाही. स्पोक (चाकाच्या तारा) ३६. किल्ली... थांबा. सहाव्या दिवशीचं आठवत नाही. खरं तर त्या दिवशीच पहिल्यांदा ऐकू आली. आणि आता आठवतंय की किल्ली माझ्या खिशात होती.

हवेतला_पंप

अरे देवा.

खड्ड्यात स्पोक तुटलाय तुझा. पैज. बहुतेक उजव्या बाजूचा, कॅसेटच्या (मागच्या गियरच्या चकत्यांच्या) बाजूचा. मागच्या चाकाला कॅसेटसाठी जागा सोडायला उजवीकडचे स्पोक जास्त उभे आणि जास्त ताणलेले असतात, तुटतात ते बहुधा तेच, हबपाशी जिथे वाक असतो तिथे. सगळा अठरा किलो मागेच, वर तू. तुटला की त्या जागी रिम डावीकडे सरकते, चाकाला आऊट येतो म्हणजे ते डुलत फिरतं, आणि प्रत्येक फेऱ्यात रिम डाव्या ब्रेकला घासते. म्हणजे तू नव्वदच्या आसपास किलोमीटर ब्रेक लावून सायकल चालवलीस. किणकिण म्हणजे तुटलेली तार शेजारच्या तारेला लागत होती. जा, सायकल बघ. डावा पॅड झिजला असणार.

एकटाच_बरा

चार अनुभवी माणसं बरोबर असताना कोणालाच दिसलं नाही? शक्य नाही. चाक डुगडुगताना मागून लगेच दिसतं.

हवेतला_पंप

मागे कोण होतं?

एकटाच_बरा

...

केतकी_आर

कोणीच नाही. तो सगळ्यात शेवटी होता!! बाजूने बघावं तर पॅनियर आड येतात.

निवांत

लोकहो, सायकल अजून खोक्यात आहे. परत येताना घाईत पुढचं चाक काढून तशीच कोंबली, मागचं चाक तसंच आहे, त्याकडे ढुंकून बघितलेलं नाही. संध्याकाळी उघडतो. हात थरथरतायत.

झोपाळू

आज मी जागा राहणार.

गणितात_कच्चा

तोपर्यंत एक शंका. घासणारा ब्रेक दमवतो हे खरं, पण एवढं? फेऱ्यातल्या थोड्याच भागात घासत असेल. सातवा दिवस, वारा, वजन हे पण आहेच. सगळं पाप स्पोकवर टाकू नका.

हवेतला_पंप

सगळं नाही टाकत. पण माणूस २०० वॉट वगैरे देत नाही टूरला, आठ-नऊ तास चालवायचं तर साधा माणूस शंभरच्या आसपास देतो. त्यातले वीस-तीस ब्रेकने खाल्ले तर काय उरलं? वाऱ्याला तेवढंच पुरतं. इतरांना फक्त वारा होता, त्याला वारा अधिक ब्रेक.

निवांत

पस्तीस.

तीनदा मोजले. ३६ च्या जागी पस्तीस, आणि छत्तिसावा कॅसेटच्या मागून निघून शेजारच्या दोन तारांत गुंडाळून बसलाय. उजवी बाजू. बरोबर वाकाशी तुटलाय, कापल्यासारखा. चाक फिरवलं तर डावीकडे चांगलं बोटभर डुलतंय, फिरतच नाही, दोन फेऱ्यात थांबतं. डावा पॅड एका बाजूने खाल्लेला, उजवा नव्यासारखा. रिमवर डावीकडे काळा पट्टा.

आणि आठव्या दिवशी उतारावर हे चाक घेऊन मी ताशी पन्नासने खाली आलोय. त्याबद्दल घरी सांगू नका.

हवेतला_पंप

पुढचं ऐक. तो तार वेचून टाक, त्या चाकावर आता बसू नकोस. उजव्या बाजूचा स्पोक घालायला कॅसेट काढावी लागते, त्याचं लॉकरिंग टूल आणि चेन व्हिप (कॅसेट धरून ठेवायचा साखळीचा चाबूक) नसेल तर दुकानात ने, आणि एकच न घालता शेजारचे पण तपासून घे, एक गेला की बाजूच्यांवर ताण येतो. आऊट काढून घे. पुढच्या वेळी त्याच मापाचे तीन-चार स्पोक फ्रेमला टेपने चिकटवून ने, डावी-उजवी मापं बहुतेक वेगळी असतात. आणि रस्त्यात तुटलाच तर स्पोक किल्लीने तुटलेल्याच्या दोन्ही शेजारचे थोडे सैल करायचे, रिम मधे येते. तेवढंही जमत नसेल तर मागचा व्ही ब्रेक सोडून द्यायचा आणि पुढच्या ब्रेकवर सावकाश जायचं. पाच मिनिटांचं काम होतं रे.

जुनाट_सायकल

म्हणूनच आमच्या जुन्या ग्रुपमध्ये सगळ्यात जाणता माणूस शेवटी असायचा, दमलेला कधीच नाही. दमलेल्याला मधे घ्यायचं. आडोसा पुढून मिळतो आणि मागून कोणीतरी बघत असतं. शेवटचा माणूस दिसत नाही हो कोणाला.

एकटाच_बरा

मी तर कायम शेवटीच असतो, एकटा असल्यामुळे. आज पहिल्यांदा ह्याचा विचार केला. सकाळी निघताना दोन्ही चाकं उचलून फिरवून बघणार, आणि कुठेही आपटलं की परत.

डावा_घोटा

मी पण. आणि सगळे स्पोक जोडीजोडीने चिमटीत दाबून बघायचे, सैल असला की हाताला लगेच कळतो. एका बाजूच्या सगळ्यांचा आवाज साधारण सारखा आला पाहिजे.

केतकी_आर

निवांत, तुझा मूळ प्रश्न राहिला. आता काय वाटतंय, फुकट बसलास का?

निवांत

काय माहीत. अर्धा दिवस सुटल्यासारखं वाटलं, अर्धा दिवस अजून लाज वाटली, कारण ते लोक ब्रेक लागलेल्या माणसाला ओढत होते आणि त्यांनाही माहीत नव्हतं. मघाशी काकूंना फोटो पाठवला चाकाचा. त्यांचं उत्तर आलं: "आम्हाला वाटलं तुझा स्वभावच हळू आहे."

काकांनी वेगळा मेसेज केलाय, की काकूंनी हाताने तुला मागे पाठवलं तेव्हाच मी म्हणत होतो त्याला मधे घ्या. ह्यावरून आता त्यांचं परत भांडण चालू आहे.

पायडल_पांडुरंग

आणि शाळेतल्या बाई?

निवांत

त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्या दर थांब्याला अंतर, वेळ आणि वारा लिहून ठेवायच्या. सातव्या दिवशीच्या पानावर तिसाव्या किमीपाशी लिहिलंय, "मागून बारीक किणकिण. कसली?" आणि पुढे काही नाही, बहुतेक विचारायला संकोचल्या.

हवेतला_पंप

विचारायचं ना बाई!

झोपाळू

मोजा. मोज्याचं राहिलंच.

निवांत

हो, ते सांगायला विसरलो. नव्वदाव्या किमीला डावा मोजा वाऱ्याने उडाला, माझ्या हँडलवर येऊन पडला, मी खिशात टाकला की थांबलो की देऊ. आज पॅनियर रिकामी करताना सापडला. भोकासकट.